लगाम मानेवर टाकून

1727 चा दसरा नुकताच सरला आहे. भीमेचं पाणी अजून गढूळ आहे, काठावरची बाजरी कापणीला आली आहे, आणि तुम्ही एका शिलेदाराच्या वाड्यामागे उभे आहात. अंगात बाराबंदी, खाली चोळणा, डोक्याला मुंडासं. हे कपडे कुठून आले ते विचारू नका. तीनशे वर्षं मागे येताना एवढी सोय होते असं धरून चला.

समोर एक कुमेत घोडी बांधली आहे. तोंडाकडून दोर, मागच्या पायांनाही दोर: अगाडी-पिछाडी. चौकातल्या पुतळ्याखालचा उंचापुरा, पुढचे पाय हवेत उचललेला घोडा मनात धरून आला असाल, तर हिची पाठ जेमतेम तुमच्या छातीला लागते. छाती रुंद, नळ्या कोरड्या, खूर काळे आणि टणक. दख्खनची घोडी नद्यांच्या खोऱ्यांवरून ओळखली जातात: गोदाकाठची गंगथडी, नीरेकाठची नीरथडी, माणदेशी, आणि ही भीमथडी.

तुम्ही हसतमुखाने सरळ तिच्या तोंडासमोर जाता आणि कपाळावर ठेवायला हात उचलता. घोडी मान फेकते. दोर ताणतो, मेख हलते.

"पाव्हणं, तिला दिसत न्हाई तिथनं हात नेला तुम्ही."

बोलणारा पन्नाशीचा आहे. संताजी-धनाजींच्या धामधुमीत पोरवयातच घोड्यावर बसलेला. त्याच्याकडे दोन घोड्या आहेत. एकीवर तो निघणार, दुसरीवर तुम्ही. म्हणजे हुद्द्याने तुम्ही त्याचे बारगीर. जनावर त्याचं, मांड तुमची.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न हलवता त्याला भोवतालचं जवळजवळ सगळं रान दिसतं. सुटतो तो कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीमागचा पट्टा. पळून जीव वाचवणाऱ्या जनावराला हा सौदा परवडतो. पण म्हणूनच तुमचा तो मायेचा हात तिच्या नजरेतून मध्येच नाहीसा झाला, आणि नाहीसं झालेलं काहीही तिच्या लेखी वाघ असतं. आता डाव्या खांद्याच्या रोखाने या. बोलत या. हात खालीच ठेवा. ती नाकपुडी फुगवते, तुमच्या मनगटावर गरम श्वास सोडते आणि पुन्हा कडब्यात तोंड घालते. आजचा दिवस इथेच संपला. बसायचं नाव नाही.

उद्याही नाही. उद्या तुमच्या हातात खरारा येतो. घाम वाळून बसलेली माती सोडवा, पोटाखाली हात फिरवा, चारही खूर उचलून त्यांतले खडे काढा. खूर उचलताना लक्षात येतं की ती पाय देते किंवा देत नाही. ओढून मिळत नाही. तीन पायांवर उभं राहणं म्हणजे पळायचा हक्क थोडा वेळ तुमच्या स्वाधीन करणं. पहिल्यांदा ती पाय झटकते, तुम्ही बोटं वाचवता. शिलेदार दुरून बघतो आणि काही बोलत नाही. चंदीची वेळ झाली की भिजवलेल्या हरभऱ्याचा तोबरा तुम्हीच चढवायचा असतो, दुसऱ्या कुणी नाही. तेवढं तो बजावून सांगतो.

मानेच्या बुडाशी, अयाळ संपते तिथे, खाजवून बघा. तिचा खालचा ओठ सैल पडतो, डोळा अर्धा मिटतो. घोडी एकमेकींना तिथेच खाजवतात. त्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे 1993 साली संशोधकांनी मोजून दाखवलं. शिलेदाराला ही बातमी देऊ नका. यात नवीन काय, असं तो विचारेल.

तुम्ही त्याला वेगळंच काही विचारता: हिचे भोवरे कसे आहेत? घोडं घेताना अंगावरचे भोवरे बघणारे या काळात पुष्कळ आहेत. कुठला भोवरा धन्याला तारतो आणि कुठला बुडवतो, यावर बाजारात घटकाघटका वाद होतो.

"भवरा बघून घेतली न्हाई. पाय बघून घेतली."

या माणसाचं घोडीवर प्रेम आहे का, असा प्रश्न तुमच्या डोक्यात येतो, कारण तुम्ही एकविसाव्या शतकातून आला आहात. तो प्रश्न त्याला कळणारही नाही. सरकारी बारगिराचं घोडं मेलं तर पागेतून दुसरं मिळतं. शिलेदाराचं मेलं तर चाकरीच मेली. घोडी हीच त्याची जहागीर, हीच लेकीच्या लग्नाची तजवीज. लढाईच्या ऐन गर्दीत शिलेदार जनावर जपून घालतात, अशी तक्रार त्यांच्याविरुद्ध पुढे इतिहासात नोंदली जाईल, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. शिवाजीमहाराजांनी सरकारी पागेवर, बारगिरांवर भर दिला तो काही उगाच नव्हे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद अशी त्यांची बांधणी होती. आणि पन्नासेक वर्षांपूर्वी चिपळूणच्या छावणीला त्यांनी धाडलेलं पत्र तर घोड्यांच्या पोटापाण्याचंच आहे: पावसाळ्याची वैरण आणि दाणा आधीच उधळलात तर घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. गवताच्या गंजीजवळ दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवील, हेही त्यात आहे. राज्य चालवणारा माणूस उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करतो. मला तरी घोडदळाबद्दल एवढं शहाणपणाचं दुसरं काही वाचल्याचं आठवत नाही.

मग एके सकाळी खोगीर चढतं. खोगीर म्हणजे भरलेली जाड गादी. तंग आवळताना घोडी पोट फुगवून धरते. थोडं चालवून पुन्हा आवळावा लागतो. रिकिबीत पाय, आणि तुम्ही वर. वर गेल्या गेल्या तुमच्या मुठी लगामावर घट्ट होतात. घोडी मान वर करते, पाठ पोकळ करते, तिरकी चालू लागते.

"सोडा. तिचं तोंड हाय ते, दोरी न्हाई."

छावणीत काटेरी लगामही दिसतील. जिभेला टोचणारे, जागच्या जागी घोडं फिरवायला लावणारे. सगळे स्वार या शिलेदारासारखे नाहीत; रक्ताळलेली तोंडंही तुम्ही पाहणार आहात. पण ज्याला सहा महिने याच जनावराच्या पाठीवर काढायचे आहेत, त्याला तिचं तोंड मरू देणं परवडत नाही. तोंड मेलं की उद्या आजच्यापेक्षा जास्त ओढावं लागतं, परवा त्याहून जास्त.

तो तुम्हाला कावे फिरवायला लावतो. डावीकडे गोल, उजवीकडे गोल, मग लहान गोल, मग हातात भाला घेऊन तेच. उजवा हात भाल्यात अडकला की लगामासाठी एकटा डावा उरतो, आणि तोही लढाईत मोकळा लागतो. उरतं ते बूड, मांड्या, पोटऱ्या. तुम्ही वळायच्या दिशेला नुसतं बघितलंत तरी तुमची कंबर किंचित वळते आणि घोडीला ते खोगिराच्या गादीतून कळतं. पाठीवर बसलेली माशी कळणारी कातडी आहे ती. तुम्ही तिला शिकवत नाही आहात. ती शिकलेली आहे. तुमच्या अंगातली बडबड कमी व्हायची वाट बघते आहे.

आणि मग मोहीम.

सातारच्या शाहू छत्रपतींचा पेशवा बाजीराव सत्तावीस वर्षांचा आहे. समोर निजामुल्मुल्क, त्याच्याहून कितीतरी वडील, अनुभवी, तोफखाना बाळगणारा. फौज जालना-सिंदखेडकडे जाते, तिथून वऱ्हाडात माहूर, मंगरूळ, वाशीम, आणि एकाएकी वळून खानदेश. बुऱ्हाणपूरवर जायची आवई उठते. निजाम तिकडे धावतो, आणि तुम्ही कुकरमुंड्याला तापी ओलांडून गुजरातेत. हे सगळं नकाशावर फार देखणं दिसतं. घोडीवरून दिसते फक्त पुढच्या घोड्याची शेपटी आणि धूळ.

भरधाव धावणं विसरा. चौखूर उधळणं हे काही क्षणांचं काम आहे. दिवसच्या दिवस अंतर कापायचं ते चालीवर आणि दुडकीवर. एखादी घोडी रवाल चालीची निघाली तर तिच्या धन्याचं नशीब, कारण त्या चालीत पाठीवरचं पाणीसुद्धा हिंदकळत नाही. घाट लागला की शिलेदार उतरतो आणि पायी चढतो. तुम्हीही उतरता. मुक्कामाला पोचल्यावर आधी तंग सैल, लगेच खोगीर काढायचं नाही. घाम जिरू द्यायचा. मग पाठीवर तळहात फिरवून बघायचं, कुठे गरम लागतं, कुठे ती कातडी चोरते. पाठ लागली की घोडं कामातून गेलं. मग खूर. मग पाणी. घोड्याला दिवसाला 25-30 लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. मग वैरण. मग चंदी. आणि हे सगळं झाल्यावर, असलीच तर, तुमची भाकरी.

तापीच्या उताराशी घोडी अडते. पुढची घोडी पाण्यात शिरली आहेत, मागून रेटा येतो आहे, आणि ही चारी पाय रोवून उभी. पाण्यावर ऊन चमकतं आहे. वरून खोली कळत नाही. तुम्ही टाच मारता. ती मागे सरते. पुन्हा टाच. आता ती थरथरते आहे, आणि एक गोष्ट तुमच्या ध्यानात येते: टाच मारून तुम्ही तिच्या भीतीला दुजोराच देत आहात. पुढे पाणी, मागे तुम्ही, दोन्हीकडून संकट. तुम्ही खाली उतरता. मागचे शिव्या घालतात, घालू द्या. दोर सैल धरून गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहता, तिच्याकडे पाठ करून. ओढत नाही. पाणी थंड आहे, तळाचे गोटे पायाखाली हलतात. थोड्या वेळाने खांद्यापाशी नाकाचा धक्का लागतो.

खरारा, खूर आणि तोबरा यांत गेलेल्या दिवसांचा हिशेब इथे लागला. इतके दिवस या माणसाच्या हातून जे जे आलं ते खाण्यापिण्याचं, नाहीतर खाज भागवण्याचं होतं. तो ज्या पाण्यात उभा आहे ते पाणी बरं असणार. घोडीचा तर्क साधा आहे. त्याला फसवू मात्र नका. एकदा फसली की पुढची नदी शतपट रुंद होते.

पौषातल्या एका रात्री तुमच्यावर पहारा आहे. घोडे उभ्या उभ्या डुलकी काढतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण गाढ झोपेसाठी त्यांना आडवं व्हावं लागतं, आणि आडवं घोडं म्हणजे आयती शिकार. म्हणून कुणीतरी जागं आहे अशी खात्री झाल्याशिवाय ते पडत नाही. वऱ्हाडापासून ही घोडी तुमच्या देखत कधी आडवी झाली नव्हती. आज ती गुडघे दुमडते, घोरू लागते. तुम्ही काही करू नका. पहारा करा.

पुण्याहून बातमी येते: निजामाने पुणं घेतलं, कोल्हापूरच्या संभाजीराजांना तिथे आणून बसवलं. फौजेत ज्यांची घरं भीमा-नीरेकाठी आहेत त्यांचे चेहरे उतरतात. शिलेदाराचंही घर तिथेच आहे. सगळ्यांना वाटतं आता माघारी फिरायचं. बाजीराव फिरत नाही. तो औरंगाबादचा रोख धरतो, म्हणजे निजामाच्याच घराचा. फेब्रुवारीच्या मध्यावर तुम्ही खानदेशात बेटावदला आहात.

याच वाटेवर कधीतरी तुम्हाला तो स्वार दिसतो. रांगेच्या कडेने चाललेला. भाला खांद्याला टेकवलेला, घोड्याची अगाडी-पिछाडी तोबऱ्यात कोंबलेली, लगाम मानेवर टाकून दिलेला. दोन्ही हातांच्या तळव्यांत तो ज्वारीचं कणीस चोळतो आहे, फुंकर मारून फोल उडवतो आहे, दाणे तोंडात टाकतो आहे. घोडा आपला आपण चालतो आहे. तो पुढे गेल्यावर शिलेदार हळूच म्हणतो, "राऊ."

निजामाने चितारी धाडून बाजीरावाची तसबीर काढून आणवली आणि ती अशी निघाली, ही गोष्ट ग्रँट डफने शंभरेक वर्षांनी आपल्या इतिहासात नोंदवली. गोष्ट घडली की नंतर रचली गेली, तो वाद इतिहासकार घालोत. त्यातला तपशील मात्र घोडा जाणणाऱ्याचा आहे. दोर तोबऱ्यात आहेत, म्हणजे मागे बिऱ्हाडाचा बैल नाही, तंबू नाही, मोतद्दारांचा ताफा नाही. जिथे थांबू तिथे मेख ठोकायची. आणि हजारो घोड्यांच्या गर्दीत लगाम मानेवर सोडायचा, तर खालच्या जनावराने रांग मोडता कामा नये, शेजारच्या घोडीला चावता कामा नये, बाजूच्या उभ्या पिकात तोंड घालता कामा नये. (ते पीक कुणाचं होतं, हेही विचारायला हवं. राऊच्या हातातलं कणीस खानदेशातल्या एखाद्या कुणब्याचं होतं, आणि त्याला दाम मिळाला असेल असं मला वाटत नाही.)

तुम्हीही लगाम सोडून बघता. पहिल्या काही पावलांत हात कावरेबावरे होतात. घोडी एक कान मागे, तुमच्याकडे वळवते, क्षणभर तसाच ठेवते, मग पुढे नेते. चाल बदलत नाही. तुम्ही कमरेने जरा मागे रेलता, ती मंदावते. सरळ होता, ती चालू लागते. लगामाशिवाय एवढं बोलता येत होतं, मग तुम्ही इतके दिवस कशाला ओरडत होतात?

आता पालखेड, औरंगाबादच्या पश्चिमेला, वैजापूरच्या बाजूला. निजाम पुणं सोडून धावत आला आहे, जड तोफा मागे टाकून. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याची फौज तुमच्या वेढ्यात सापडते. लढाई बघायला आला असाल तर पुन्हा निराशा. तुमचा भाला एकदाही कुणाला लागत नाही. दिसायचं, हूल द्यायची, नाहीसं व्हायचं. रसद तोडायची आणि मुख्य म्हणजे त्यांना पाण्याला लागू द्यायचं नाही. पलीकडे मोठ्या हाडापेराची तुर्की, इराकी घोडी आहेत, चांगल्या खुराकावर वाढलेली. रात्री वारा तिकडून आला की तहानेली जनावरं ओरडताना ऐकू येतात. तुमची घोडी कान टवकारते. तुम्ही दोघं त्या दिवशी पाणी प्यायलेले आहात, आणि तेवढाच तुमच्यातला आणि त्यांच्यातला फरक आहे. यात शौर्य कुठे आहे, असं मनात आलं तर शिलेदाराला विचारू नका. तो घोडीच्या पुढच्या उजव्या खुराला निसटू पाहणाऱ्या नालाचा खिळा ठोकून घेण्यात गुंतला आहे.

6 मार्च 1728 रोजी मुंगी-शेवगावला तह झाला. शाहू छत्रपतींचा दख्खनच्या चौथाईचा आणि सरदेशमुखीचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. विसाव्या शतकात ब्रिटिश फील्डमार्शल माँटगोमेरी यांनी युद्धेतिहासावरच्या आपल्या ग्रंथात या मोहिमेच्या चपळाईची वाखाणणी केली, आणि आपण मराठी माणसं ती अजून अभिमानाने सांगतो. सांगावीच. पण सेनापतीच्या चपळाईला पाय असतात ते घोड्यांचे, आणि पाच-सहा महिने ते पाय शाबूत राहिले ते रोज मुक्कामाला पोचून आधी घोडं बघणाऱ्या निनावी माणसांमुळे. पुतळे उभारताना आपण बरोबर उलटं करतो: लगाम खेचलेला, घोड्याचं तोंड उघडं पडलेलं, पुढचे पाय हवेत. असा घोडा पालखेडला पोचलाच नसता.

1818 नंतर पेशव्यांची शिलेदारी संपली. मोठ्या मापाच्या घोड्यांवर भर देणाऱ्या इंग्रजी राजवटीत भीमथडीची पैदास ढासळली, आणि ही जात जवळजवळ विस्मरणात गेली. ती टिकवली मेंढपाळ धनगरांनी. यात एक न्याय आहे, कारण पालखेडच्या मोहिमेतले मल्हारराव होळकरही नीरेकाठच्या होळ गावच्या धनगर घरातलेच. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अगदी अलीकडे भीमथडीला स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदवून घेतलं आहे.

दिवाळीनंतर बारामती, फलटण, माण या बाजूचे धनगरांचे वाडे, म्हणजे तांडे, मेंढरं घेऊन पश्चिमेकडे, कोकणाच्या वाटेला लागतात. मेंढरांमागून चालणारी, पाठीवर बिऱ्हाड, भांडीकुंडी, कधी कोंबड्या आणि लहान मूल घेतलेली ती बुटकी घोडी हीच. त्यांच्या लगामाला बहुतेक वेळा कुणाचा हात नसतो. महामार्गावर हा तांडा आडवा आला तर गाडी कडेला घ्या, हॉर्न वाजवू नका, आणि जवळ जायचं असेल तर आधी धनगराला विचारा.